शेजारी देशांची वीज आणि शेजपाळीचा न्याय

सालवड हें आमचें गांव बोईसर-तारापूरच्या पट्ट्यांत आहे. पश्चिमेस समुद्रकांठीं अणुवीज केंद्र, गांवाला लागून औद्योगिक वसाहत आणि आसपासच्या भातखाचरांवरून गेलेल्या मोठ्या दाबाच्या तारा, अशी आमची चतुःसीमा आहे. महसुली दप्तरांत हयात घालविलेल्या माणसानें विजेच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीं लिहावें याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु आम्हीं जन्मभर जें काम केलें तें हद्दी, हक्क, पाळी आणि थकबाकी यांच्या नोंदीचें होतें. आणि या नव्या प्रश्नाचा गाभा पाहूं जातां तोहि हद्दी, हक्क, पाळी आणि थकबाकी यांचाच आहे.

प्रश्न असा आहे. भारत, नेपाळ, भूतान व बांगलादेश या चार देशांच्या विजेच्या तारा आतां जोडल्या गेल्या आहेत आणि त्यांच्यामधील विजेची देवघेव वाढत चालली आहे. ही देवघेव आज जशी चालते तशीच, म्हणजे दोन दोन सरकारांच्या निरनिराळ्या करारांवर आणि मुख्यत्वें भारताच्या नियमांवर, पुढेंहि चालूं द्यावी काय? कीं चारहि देशांच्या नियामक आयोगांनीं एकत्र बसून सर्वांस सारखा लागू होईल असा नियम करावा, आणि तंट्याचा निवाडा करणारें एक सामाईक मंडळ नेमावें? आमचें मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूचें आहे, आणि तोच मार्ग शेतकऱ्याच्या हिताचा आहे. त्याचीं कारणें पुढें मांडतों.

प्रथम विजेचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. धान्य कणगींत भरून ठेवतां येतें; भाव पडला तर शेतकरी चार महिने थांबूं शकतो. वीज अद्यापि थोड्याच प्रमाणांत सांठवितां येते. बाकी सर्व ज्या क्षणीं उत्पन्न होते त्याच क्षणीं खर्चावी लागते. सबंध जाळ्यांत तिचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें या गतीनें चालला पाहिजे. ओढ वाढली कीं ही गति उतरते, ओढ कमी झाली कीं चढते, आणि मर्यादेबाहेर गेली कीं यंत्रें आपोआप सुटून अंधार पडतो. पाटाच्या पाण्याची उपमा येथें लागू पडते, पण एका फरकानें. पाटावर कोणी रात्रीं चोरून दारें फोडलें तर खालच्या चार शेतांचें नुकसान होतें. विजेच्या जाळ्यांत एकाच्या हांवेनें वरच्या, खालच्या आणि स्वतः त्याच्याहि घरांतील दिवा जातो. म्हणून जेथें अनेकांची वीज एका तारेवर आहे तेथें पाळी आणि शिस्त यांवांचून गत्यंतर नाहीं.

ही गोष्ट आमच्या मुलखास नवी नाहीं. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचीं महाराष्ट्र व गुजरात अशीं दोन राज्यें झालीं. आणि त्यानंतर थोड्याच काळांत, दोहोंच्या सीमेपासून जवळ असलेल्या तारापुरास देशांतील पहिलें अणुवीज केंद्र उभारण्याचें ठरलें. १९६९ सालीं त्याच्या पहिल्या दोन भट्ट्यांची वीज मिळूं लागली आणि ती दोन्ही राज्यांनीं वांटून घेतली. नुकतेच वेगळे निघालेले दोन भाऊ एकाच विहिरीवर मोट धरूं लागले असेंच म्हणावयाचें. पुढें नर्मदेच्या पाण्याचा तंटा लागला तेव्हांहि १९७९ सालच्या लवादानें सरदार सरोवराच्या विजेचे वांटे लिहून दिले: मध्य प्रदेशास ५७ टक्के, महाराष्ट्रास २७ टक्के आणि गुजरातेस १६ टक्के. त्या धरणापायीं आमच्या नंदुरबारच्या डोंगरांतील लोकांस जें सोसावें लागलें त्याचा हिशेब निराळा आहे आणि तो लहान नाहीं. परंतु विजेच्या वांट्यापुरतें बोलावयाचें तर तो आंकडा आज चार तपांच्या जवळ येऊनहि टिकून आहे, कारण तो वादी-प्रतिवादींपैकीं कोणीं लिहिलेला नाहीं.

तथापि वांटे कागदावर लिहिल्यानें शिस्त आपोआप येत नाहीं. १९६४ च्या सुमारास देशाचे विजेपुरते पांच विभाग पाडण्यांत आले व प्रत्येक विभागांतील राज्यें एकमेकांस जोडलीं गेलीं. परंतु पुढें कित्येक वर्षें, ज्यास गरज लागेल त्यानें ओढावें आणि हिशेब मागाहून पाहूं असा प्रकार चालला होता. आवर्तनें ५० वरून पुष्कळ वेळां ४९ च्याहि खालीं जात. हें थांबलें तें परस्परांस उपदेश करून थांबलें नाहीं. १९९८ सालीं केंद्रीय वीज नियामक आयोग स्थापन झाला, आणि त्याच्या आदेशानें १ जुलै २००२ पासून सर्वांत आधीं आपल्या पश्चिम विभागांत असा नियम लागू झाला कीं, जो आपल्या ठरलेल्या वांट्याहून अधिक वीज ओढील त्यानें त्या वेळच्या टंचाईच्या मानानें चढा दर भरावा, आणि जो आपल्या वांट्यांतील वीज सोडील त्यास मोबदला मिळावा. दर पंधरा मिनिटांची मोजणी होऊं लागली. आवर्तनें ताळ्यावर येऊं लागलीं. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व गोवा यांच्यांत कांहीं एकाएकीं बंधुभाव वाढला होता असें नाहीं. माप सर्वांचें एक झालें, आणि दंड ठरविणारा कोणा एकाचा नोकर नव्हता, एवढेंच काय तें झालें.

या शिस्तीच्या बळावरच पुढें मोठें जाळें विणतां आलें. २००३ सालीं पश्चिम विभाग पूर्वेस जोडला गेला, २००६ सालीं उत्तर विभाग आला, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या तारेनें दक्षिण विभागहि त्यांस मिळाला. तेव्हांपासून सर्व देश एका आवर्तनावर चालतो. शिस्त सुटली म्हणजे काय होतें याचा दाखलाहि मध्यंतरीं मिळाला. ३० जुलै २०१२ रोजीं उत्तर विभाग आणि दुसऱ्या दिवशीं उत्तर, पूर्व व ईशान्य असे तिन्ही विभाग कोसळले; सुमारें ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशांत वीज गेली. कारणें अनेक होतीं. त्यांत एकीकडे तारांवर पडलेला असह्य भार आणि दुसरीकडे ठरल्याहून अधिक ओढणारीं राज्यें हीं प्रमुख होतीं. एका देशांत, एका कायद्याखालीं असें घडतें. तर चार देश एका जाळ्यांत येतांना नियमाचें काम केवढें मोठें आहे हें सांगावयास नको.

आतां शेजाऱ्यांकडे वळूं. भूतानांतील चुखा येथील ३३६ मेगावॅटचा जलविद्युत्‌ प्रकल्प १९८६ पासून सुरू झाला. तेव्हांपासून त्या देशाच्या नद्यांची वीज भारतांत येत आहे. बांगलादेशास २०१३ च्या ऑक्टोबरापासून पश्चिम बंगालांतील बहरामपूर येथून भेरामारा येथें ५०० मेगावॅट वीज जाऊं लागली. २०१८ सालीं तितक्याच शक्तीची आणखी भर पडली. नेपाळशीं २१ ऑक्टोबर २०१४ रोजीं वीजव्यापाराचा करार झाला, २०१६ सालीं मुझफ्फरपूर-ढल्केबर ही मोठी तार कामास लागली, आणि नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळची वीज आपल्या देशांतील वीजबाजारांत रोजच्या बोलीनें विकली जाऊं लागली. हा बाजार २००८ पासून चालू आहे. त्यांत दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून प्रत्येक भागाचा निराळा भाव निघतो. जानेवारी २०२४ मध्यें नेपाळकडून दहा वर्षांत १०,००० मेगावॅटपर्यंत वीज घेण्याचा दीर्घ मुदतीचा करारहि झाला.

या देवघेवीच्या मुळाशीं ऋतूंची सोय आहे. हिमालयांतील नद्या पावसाळ्यांत दुथडी भरून वाहतात. तेव्हां नेपाळ व भूतान यांच्याकडे वीज उरते. हिवाळ्यांत त्या नद्या आटतात आणि तेच देश वीज विकत घेतात. आपल्याकडे उलट प्रकार आहे. पावसाळा सरल्यावर आकाश निरभ्र असतें, सौर वीज दुपारीं भरपूर होते, आणि दिवस मावळतांच ती नाहींशी होते. एकाच्या सुगींत दुसऱ्याची टंचाई असावी यासारखा व्यापारास सोयीचा योग दुसरा नाहीं. आमच्या कोंकणांतील वाडीवाला घाटावर आंबा, चिकू व नारळ पाठवितो आणि घाटावरून ज्वारी व कडधान्य आणतो. त्यांत कोणी कोणावर उपकार करीत नाहीं. विजेचा व्यापारहि याच जातीचा आहे.

मग अडतें कोठें? याचें उत्तर एका लहानशा व्यवहारांत सांपडतें. नेपाळनें बांगलादेशास केवळ ४० मेगावॅट वीज विकावयाची होती. तारापूरच्या जुन्या एका भट्टीची वीज १६० मेगावॅट धरली तर तिचा हा चौथा हिस्सा. दोन्ही देश राजी होते, वीज होती, ताराहि होत्या. पण या दोन देशांची सीमा एकमेकांस कोठेंच लागत नाहीं. मध्यें भारताची भूमि आहे. वाटाघाटींत वर्षें गेलीं. शेंवटीं ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं काठमांडू येथें तिन्ही देशांच्या संस्थांनीं सह्या केल्या. दर युनिटास ६.४० अमेरिकन सेंट असा ठरला. १५ नोव्हेंबर २०२४ रोजीं पहिल्यानें वीज वाहिली, आणि पुढील वर्षीं १५ जून २०२५ पासून पावसाळ्याच्या पांच महिन्यांचा नियमित पुरवठा सुरू झाला. यांत एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें बांगलादेशांत सरकार उलथलें होतें आणि भारताशीं त्याचे संबंध ताणलेले होते. तरी दोन महिन्यांच्या आंत हा करार झाला. दोघांच्या सोयीचा व्यवहार राजकारणाच्या वादळांतहि टिकूं शकतो. पण ४० मेगावॅटला जर इतकीं वर्षें लागत असतील, तर १०,००० मेगावॅटचें काय होणार?

येथें आम्ही मुख्य मुद्द्यावर येतों. ज्या शेतकऱ्यांनीं पाटाचें पाणी पाहिलें आहे त्यांस शेजपाळी ठाऊक आहे. शेजारच्या शेताची पाळी संपली कीं आपली. कोणाची किती तास, हें आधींच लिहून लावलेलें. खानदेशांत पांझरेच्या कांठीं जी जुनी फडपद्धति आहे तींत पाणी फिरविणारा पाटकरी असतो. तो कोणा एका बागाइतदाराचा गडी नसतो. सर्व फडकरी मिळून त्यास नेमतात व सर्व मिळून त्यास धान्य किंवा पैसा देतात. म्हणूनच वरच्या शेताचा धनी कितीहि मातबर असला तरी पाटकरी त्याचें दारें वेळेवर बंद करूं शकतो. आतां कल्पना करा कीं, वरच्या शेतवाल्याच्या बांधावरून सर्वांचा पाट जातो, सर्वांत अधिक पाणी तोच घेतो, उरलेलें पाणी विकणाराहि तोच, आणि पाळीची वहीहि त्याच्याच घरीं. तो मनुष्य कितीहि सचोटीचा असो, खालचे शेतकरी निर्धास्त झोंपतील काय?

दक्षिण आशियांत भारताची स्थिति आज हीच आहे. नेपाळ, भूतान व बांगलादेश यांस एकमेकांकडे वीज न्यावयाची तर भारताच्या तारांवांचून मार्ग नाहीं. सर्वांत मोठा गिऱ्हाईक भारत, मोठा विक्रेता भारत आणि नियमहि भारताचे. केंद्रीय आयोगानें सीमापार वीजव्यापाराचे नियम २०१९ सालीं केले. त्यांवरील कार्यपद्धति २०२१ सालीं ठरली. ज्या तिसऱ्या देशाची सीमा भारतास लागून आहे पण ज्याच्याशीं भारताचा वीजविषयक करार नाहीं, त्या देशाच्या भांडवलानें बांधलेल्या प्रकल्पाची वीज घेतली जाणार नाहीं, असें कलम तींत आहे. देशाच्या सुरक्षिततेसाठीं असें कलम असूं नये असें आम्ही म्हणत नाहीं; घरांत कोणास घ्यावें हें ठरविण्याचा धन्यास अधिकार आहे. परंतु नेपाळांतील प्रकल्पवाल्यास आपली वीज कां नाकारली, हें विचारावयास आणि त्यावर दाद मागावयास भारताबाहेरचें एकहि सामाईक ठिकाण नाहीं. ज्या निवाड्यावर अपील नाहीं त्याविषयीं संशय राहतोच, मग तो निवाडा न्याय्य असो वा नसो. महसुली दप्तरांत आमचा तोच अनुभव आहे.

असें ठिकाण असावें हें चारहि देशांनीं तत्त्वतः मानलें आहे. नोव्हेंबर २०१४ मध्यें काठमांडूच्या सार्क परिषदेंत विजेच्या सहकार्याचा चौकट-करार झाला. तारांचा वापर सर्वांस भेदभावाशिवाय मिळावा आणि नियमनाची व्यवस्था सभासद देशांनीं उभारावी, अशा अर्थाचीं कलमें त्यांत आहेत. परंतु त्या परिषदेनंतर दहा वर्षें उलटलीं तरी सार्कची शिखर सभा पुन्हां भरली नाहीं, आणि कलमें दप्तरांत पडून राहिलीं. दक्षिण आशियांतील नियामकांची एक परिषद १९९९ पासून आहे खरी. पण ती विचारविनिमयाची व शिक्षणाची जागा आहे, तिच्या शब्दास निवाड्याचें बळ नाहीं. बांगलादेशांत २००३ च्या आणि नेपाळांत २०१७ च्या कायद्यानें नियामक आयोग झाले आहेत, भूतानांतहि आहे. म्हणजे चार घरीं चार पाटकरी आहेत. सामाईक पाटावर मात्र एकहि नाहीं.

कोणी म्हणेल कीं, दोन सरकारांचा पक्का करार असला म्हणजे पुरे. तारापूरच्या शेजारीं राहणाऱ्यांनीं तरी असें म्हणूं नये. १९६३ सालच्या भारत-अमेरिका करारान्वयें तारापूरच्या भट्ट्यांस इंधन अमेरिकेनें पुरवावयाचें होतें. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटानंतर मतभेद वाढले. १९७८ सालीं अमेरिकेनें आपल्या देशापुरता नवा कायदा केला आणि त्यापायीं आपला पुरवठा अडला. अखेर १९८२ सालीं तडजोड होऊन इंधन फ्रान्सनें द्यावें असें ठरलें. करार जागच्या जागीं होता. पण एका पक्षानें आपल्या घरांत कायदा बदलला आणि दुसऱ्यास दाद मागावयास जागा नव्हती. त्या वेळीं आपण दुबळे होतों आणि आपणांस तें झोंबलें. आज नेपाळ व बांगलादेश यांच्यापुढें आपण सबळ आहों. आपणांवर आलें तेव्हां जें अन्याय्य वाटलें, तें दुसऱ्यावर आणण्याची मोकळीक आपण आपल्या हातीं ठेवूं नये.

खासगी करारांचीहि हीच कथा आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील दाभोळच्या वीजप्रकल्पाचा करार १९९३ सालीं झाला तेव्हां महाराष्ट्रांत वीज नियामक आयोग नव्हता. तो १९९९ सालीं आला. त्याच वर्षीं प्रकल्पाची वीज सुरू झाली, तिचा दर राज्य वीज मंडळास पेलला नाहीं, आणि २००१ सालीं खरेदी बंद पडली. अलीकडे झारखंडांतील गोड्डा येथील १६०० मेगावॅटच्या केंद्राची वीज बांगलादेशास जाते. तीबद्दल कोळशाच्या किंमतीवरून व थकलेल्या पैशांवरून वाद झाला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरअखेर पुरवठा सुमारें निम्म्यावर आणला गेला. कोणाचें बरोबर, कोणाचें चूक, हें ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण तो दोन्ही देशांच्या नियामकांस मिळून असता, दराचें सूत्र आरंभींच उघड चौकशींतून गेलें असतें, तर प्रकरण या थरास न येण्याचा संभव अधिक होता.

जगांत इतरत्र हें साधलें आहे. नॉर्वे व स्वीडन यांनीं १९९६ सालीं विजेचा एकच बाजार केला. फिनलंड व डेन्मार्क मागाहून त्यांत आले. नॉर्वेच्या धरणांचें पाणी, डेन्मार्कचा वारा आणि स्वीडनच्या अणुभट्ट्या यांची वीज एकमेकांच्या उणिवा भरून काढते. हे देश श्रीमंत आहेत, त्यांची गोष्ट निराळी, असें वाटल्यास मध्य अमेरिकेकडे पहावें. ग्वाटेमालापासून पनामापर्यंतच्या सहा लहान राष्ट्रांनीं १९९६ सालीं तह करून सामाईक वीजबाजार, सामाईक नियामक आयोग आणि सुमारें १८०० किलोमीटरची सामाईक तार पत्करली. त्यांतील कित्येक देशांनीं यादवी युद्धें भोगलेलीं होतीं. दक्षिण आफ्रिका खंडांतील देशांनींहि १९९५ पासून आपला वीजसंघ चालविला आहे. यांपैकीं कोणीहि आपलें राज्य दुसऱ्यास लिहून दिलें नाहीं. तारेचा वापर, मोजणी, दंड आणि तंटा, एवढ्याच बाबी त्यांनीं सामाईक ठेवल्या.

आतां शेतकरी बंधु जो आक्षेप घेतील तो आम्हांस ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे. आमच्याच शिवारांत रात्रीं-अपरात्रीं पंप लावावयास जावें लागतें, आणि तुम्ही बांगलादेशच्या दिव्याची काळजी वाहतां काय? तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं. त्या गांवकऱ्यांस आपल्या पुनर्वसनासाठीं न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. सूर्या प्रकल्पाचें धामणी धरण शेतीसाठीं म्हणून झालें आणि त्याचें पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदरकडे वळलें. दिव्याखालीं अंधार ही म्हण आमच्या तालुक्यानें भोगली आहे. म्हणून शेजाऱ्यांशीं व्यापार नको, असें अनुमान त्यावरून निघतें काय? आमच्या मतें उलटें निघतें. या सर्व ठिकाणीं जें चुकलें तें देण्याघेण्यांत चुकलें नाहीं. ज्याची जमीन, ज्याचें पाणी, त्यास विचारलें जाण्याची जागा नव्हती, यांत चुकलें. व्यापार वाढणारच आहे. तो बंद खोलींतील करारांनीं वाढला तर पुढच्या तारांच्या वेळींहि शेतकऱ्यास बातमी कळेल ती मनोऱ्याचे खड्डे खणल्यावर. तो नियामकांपुढील उघड सुनावणीनें वाढला तर निदान तोंड उघडण्यास जागा मिळेल.

आणि शेतकऱ्याचा यांत पैशाचाहि संबंध आहे. २०२४ पासून आपल्या राज्यांत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मोफत विजेची योजना आहे. तिची मुदत मार्च २०२९ पर्यंत धरलेली आहे. मोफत म्हणजे खर्चावांचून नव्हे. तो पैसा सरकारी खजिन्यांतून जातो, आणि ज्या दिवशीं योजना आटेल त्या दिवशीं विजेचा खरेदीखर्च पुन्हां आपल्या बिलावर येऊन बसेल. त्या खर्चांत जेथें स्वस्त वीज मिळेल तेथून घेण्याची सोय असणें हें आपल्या फायद्याचें आहे. दिवसा शेतीस वीज देण्यासाठीं जे सौर प्रकल्प उभे राहत आहेत त्यांची हिवाळ्यांतील उरलेली वीज शेजारी देशांत खपली तर त्यांचाहि पाया बळकट होईल.

तारांखालील जमिनीचा प्रश्न तर सरळ आपल्या दारांतील आहे. मनोरा शेतांत उभा राहतो. सातबाऱ्यावर नांव शेतकऱ्याचेंच राहतें. पण तारांखालील पट्ट्यांत चिकूचें वा आंब्याचें झाड वाढवितां येत नाहीं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें २०१५ सालीं मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीस तिच्या किंमतीच्या ८५ टक्के व पट्ट्यास जास्तींत जास्त १५ टक्के भरपाई सुचविली होती. जून २०२४ मध्यें ती अनुक्रमें २०० टक्के व ३० टक्के झाली. ही वाढ स्वागतार्ह आहे. तरी भरपाई एकदां मिळते आणि तार पिढ्यान्‌पिढ्या राहते. जलविद्युत्‌ प्रकल्पांत ज्या राज्याची नदी त्यास १२ टक्के मोफत वीज, आणि २००८ च्या धोरणाप्रमाणें स्थानिक विकासासाठीं आणखी १ टक्का, असा प्रघात आहे. मग परदेशाची वीज ज्या शेतांवरून जाते त्या गांवांस वहन आकारांतून दरसालचा लहानसा वांटा कां असूं नये? ही मागणी एकट्या सरकारच्या मर्जीवर सोडण्यापेक्षां सामाईक नियमांत घातली तर बिहारच्या शेतकऱ्यास, नेपाळच्या तराईंतील शेतकऱ्यास आणि पालघरच्या शेतकऱ्यास ती सारखीच लागू होईल.

आमची सूचना थोडक्यांत अशी. चार देशांच्या नियामक आयोगांचें एक संयुक्त मंडळ व्हावें. त्याकडे चारच कामें असावीं: विजेची मोजणी व हिशेब, तारांच्या वापराचा आकार, ठरल्याहून अधिक वा कमी ओढणाऱ्यास दंड, आणि तंट्याचा मुदतबंद निवाडा. प्रत्येक देशाचें मत सारखें असावें. वीज ज्याची अधिक त्याचें मत अधिक, असें नसावें. संरक्षणाच्या कारणानें कोणा देशास एखाद्या प्रकल्पाची वीज नाकारावयाची असेल तर त्यास ती मोकळीक असावी, पण कारण लेखी कळवावें. सुनावणी उघड असावी, तिची नोटीस जेथून तार जाणार तेथील ग्रामपंचायतींत व तेथील भाषेंत लागावी, आणि जमीनधारकांच्या संस्थांस पक्षकार म्हणून उभें राहण्याचा हक्क असावा. सार्कची सभा भरेपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. आज जे चार देश तारेनें जोडलेले आहेत त्यांनीं आरंभ करावा, इतरांस मागाहून येतां येईल.

हें काम दिल्लीचें आहे, आपण काय करणार, असें म्हणून हात झाडणें सोपें आहे. परंतु केंद्रीय आयोग आपल्या नियमांचे मसुदे प्रसिद्ध करून सूचना व हरकती मागवितो. राज्याचा आयोग दरवाढीच्या वेळीं जाहीर सुनावणी घेतो. तेथें कारखानदारांचे वकील हजर असतात. शेतकऱ्यांच्या खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात. पीकपाहणीच्या वेळीं जो खातेदार बांधावर हजर राहत नाहीं त्याच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या सांगण्यानें नोंद होते, हें वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. आपल्या संघानें पुढील सर्वसाधारण सभेंत या विषयावर ठराव करावा, दोघां-तिघां जाणत्या सभासदांची समिति नेमावी, आणि पुढचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हां मुदतीच्या आंत आपली लेखी हरकत दाखल करावी, अशी आमची विनंति आहे. अर्ज लिहिण्याचें काम पडल्यास आम्ही तें आनंदानें करूं.